डीएनए चाचणीची फाइल वंशावळीच्या संकेतस्थळावर चढवताना

नाशिकमध्ये घराण्याची वंशावळ शोधायची म्हटली, की पावले रामकुंडाकडे वळतात. पंचवटीतील तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगितले, की गुरुजी नेमकी वही काढतात, आणि अस्थिविसर्जनाला किंवा सिंहस्थाला आलेल्या पूर्वजाने आपल्या हाताने लिहिलेल्या चार ओळी वाचायला मिळतात. आता या वहीच्या जोडीला दुसरी एक नोंद आली आहे, ती म्हणजे डीएनए चाचणीची फाइल. ज्या घरातील मुले परदेशी आहेत, त्या घरात अशी चाचणी कुणीतरी केलेली असण्याची शक्यता बरीच असते. परंतु आपण जवळजवळ संपूर्ण दक्षिण आशियाई आहोत, हा नाशिककराला आधीपासून ठाऊक असलेला निष्कर्ष वाचून घरचे लोक ते पान बंद करतात आणि फाइल कंपनीच्या खात्यात पडून राहते.

ती फाइल तिथून उतरवून नातेवाईक शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर कशी चढवावी, त्याआधी कुणाला विचारावे आणि नंतर जे आकडे समोर येतात त्यांना किती मान द्यावा, हे मी माझ्या आत्याच्या फाइलवर शिकलो. आत्या सहा महिने न्यू जर्सीला मुलीकडे राहिली होती, तेव्हा आतेबहिणीने तिची चाचणी करून घेतली होती. प्रत्यक्ष फाइल चढवायला अर्धा तास लागला. या लेखातील बराचसा मजकूर त्या अर्ध्या तासाच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाविषयी आहे, कारण गाडी अडते ती तिथेच.

आपल्याकडची चाचणी कोणती आहे

डीएनए चाचणी या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. न्यायालयीन कामासाठी किंवा पितृत्व ठरवण्यासाठी जी चाचणी होते, तिच्यात साधारण वीस-चोवीस खुणा तपासलेल्या असतात आणि अहवाल पीडीएफमध्ये मिळतो. तो वंशावळीच्या संकेतस्थळावर चढवता येत नाही. आपल्याला हवी असते ती ऑटोसोमल चाचणी. लिंगनिश्चिती करणारी जोडी वगळता उरलेल्या बावीस गुणसूत्र-जोड्यांवरील आणि सोबत एक्स गुणसूत्रावरील मिळून सहा ते सात लाख जागा तिच्यात एका चिपवर वाचल्या जातात. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी जागा आहेत, म्हणजे ही चाचणी पुस्तक वाचत नाही, प्रत्येक पानावरची ठरावीक अक्षरे तेवढी टिपून घेते. नाते ओळखायला तेवढे पुरते.

वाय गुणसूत्राची चाचणी बापाकडून मुलाकडे जाणारी एकच रेघ दाखवते आणि मायटोकाँड्रियाची चाचणी आईकडून मुलांकडे जाणारी. आपल्याकडे वाय गुणसूत्र म्हणजे गोत्राचा पुरावा असा समज लगेच होतो. मात्र वतनदार घराण्यांत दत्तक घेण्याची चाल इतकी होती, की वहीतील रेघ आणि रक्तातील रेघ कोणत्या पिढीत वेगळी झाली हे आधी तपासल्याशिवाय तसे काही बोलू नये.

भारतातील एखाद्या प्रयोगशाळेकडून चाचणी करून घ्यायची असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: मूळ डेटा, म्हणजे ज्याला सगळे रॉ डेटा म्हणतात तो, आम्हाला देणार का; तो साध्या मजकुराच्या फाइलमध्ये देणार का; आणि त्यातील जागांचे क्रमांक बिल्ड ३७ नुसार, म्हणजे जनुकसंचाच्या त्या नावाच्या प्रमाण नकाशानुसार, आहेत का. संपूर्ण जनुकसंच वाचणाऱ्या महागड्या चाचणीची व्हीसीएफ फाइल अधिक माहितीपूर्ण असते, पण बऱ्याच संकेतस्थळांवर ती जशीच्या तशी चालत नाही. आधी रूपांतर करावे लागते. फक्त नातेवाईक शोधायचे असतील, तर चिपवरची साधी चाचणी सोयीची.

घरात चाचणी अजून व्हायचीच असेल, तर ती सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची करावी. माझ्या वडिलांच्या बाजूचा जो वारसा आत्याकडे पूर्ण आहे, त्यातला माझ्याकडे फार तर निम्मा उतरला आहे. नातवाच्या उत्साहापोटी नातवाचीच चाचणी करणे म्हणजे मूळ दस्तऐवज हाताशी असताना त्याच्या अर्ध्या फाटलेल्या प्रतीवरून काम करण्यासारखे आहे.

विचारल्याशिवाय चढवू नये

फाइल आत्याची होती, म्हणून तिची परवानगी घेणे उघडच होते. गंगापूर रोडवरच्या तिच्या घरी मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि कुणाला काय दिसेल ते समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अरे, पण मग माझ्या बहिणीचंही त्यात आलंच की. तिला कोण विचारणार?” हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. सख्ख्या बहिणींचा सुमारे निम्मा डीएनए समान असतो. एकीने फाइल चढवली, की दुसरीही निम्मी चढलीच. येवल्याच्या धाकट्या आत्याला आम्ही त्याच संध्याकाळी फोन केला आणि तिचा होकार मिळेपर्यंत चार दिवस थांबलो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे भाच्याने आत्याची फाइल हाताळली म्हणून कायदा दारात येणार नाही. मात्र संकेतस्थळावर फाइल चढवताना ही फाइल माझी आहे किंवा ज्याची ती आहे त्याने मला अधिकार दिला आहे, असे घोषित करावे लागते आणि ते विधान खरे असले पाहिजे. दोन ओळींचे संमतीपत्र मराठीत लिहून, तारीख घालून, सही घेऊन ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलांची फाइल चढवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोठी झाल्यावर त्यांना हवे तर ती स्वतः चढवतील.

परवानगी मागताना एक अवघड गोष्ट आडपडदा न ठेवता सांगावी लागते. या संकेतस्थळांवर कधी अनपेक्षित नाते उघड होते: कुणी दत्तक गेलेले, कुणाचे दुसरे घर, कुणाचे वडील वेगळे. ज्यांना हे कळून घ्यायचे नाही त्यांनी नाही म्हणणे पूर्णपणे योग्य आहे, आणि तो नकार घरात टिंगलीचा विषय होऊ नये.

फाइल उतरवणे, आणि तिला हात न लावणे

चाचणी केलेल्या कंपनीच्या खात्यात शिरून सेटिंगमध्ये मूळ डेटा उतरवण्याचा पर्याय शोधावा. पासवर्ड पुन्हा विचारला जातो आणि खात्याच्या ईमेलवर दुवा येतो. तो दुवा थोडाच काळ चालू राहतो. ईमेल कुणाचे दिले होते हे आधी आठवावे. आत्याच्या बाबतीत ते आतेबहिणीचे होते, त्यामुळे आमच्याकडे सकाळ आणि तिच्याकडे रात्र असा घोळ होऊन पहिला दुवा ती उठेपर्यंत निकामी झाला.

जी फाइल येते ती झिप स्वरूपात, काही एमबीची असते. उलगडली तर वीस एमबीच्या आसपास जाते आणि आत लाखो ओळींचा मजकूर दिसतो. बहुतेक कंपन्यांच्या फाइलमध्ये एका ओळीत चार गोष्टी असतात: खुणेचे नाव, गुणसूत्राचा क्रमांक, त्या गुणसूत्रावरील जागा आणि तिथे सापडलेली दोन अक्षरे. उदाहरणार्थ, आरएस३१३१९७२, नंतर १, नंतर ७५२७२१ आणि शेवटी एजी, अशी ओळ असेल, तर पहिल्या गुणसूत्रावर त्या जागी एका पालकाकडून ए आणि दुसऱ्याकडून जी आलेला आहे. कोणते अक्षर आईचे आणि कोणते वडिलांचे, हे ती ओळ सांगत नाही. जिथे चिपला वाचताच आले नाही तिथे दोन आडव्या रेघा किंवा शून्य असते. अशा ओळी थोड्या प्रमाणात प्रत्येक फाइलमध्ये असतात, त्यामुळे घाबरू नये.

आता आमची फजिती. माझ्या पुतण्याला आत काय आहे ते पाहायचे होते. त्याने झिप उलगडली, फाइल एक्सेलमध्ये उघडली, स्तंभ थोडे रुंद केले आणि जाताना सेव्ह केली. शिवाय झिप उगाच जागा अडवते म्हणून काढून टाकली. एक्सेलमध्ये दहा लाखांहून अधिक ओळी मावतात, म्हणून फाइल विनातक्रार उघडली, आणि फसगत झाली ती त्यामुळेच. मूळ फाइलमध्ये प्रत्येक मूल्याभोवती अवतरणचिन्हे होती. एक्सेलने सेव्ह करताना ती गाळून टाकली. पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नव्हते, पण संकेतस्थळाने फाइलचे स्वरूप ओळखता येत नाही असे सांगून ती दोनदा परत केली. शेवटी न्यू जर्सीला पुन्हा फोन, पुन्हा दुवा. म्हणून नियम असा, की झिप उलगडू नये, नाव बदलून मराठी करू नये, आणि मूळ प्रत एका पेन ड्राइव्हवर वेगळी काढून ठेवावी. ॲपलच्या संगणकावर सफारी ब्राउझर झिप आपणहून उलगडतो. तेवढी सोय उतरवण्यापूर्वी सेटिंगमध्ये बंद करावी. उत्सुकता असेलच, तर दुसरी प्रत करून ती नोटपॅडमध्ये पाहावी.

ही फाइल कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, हे वेगळे सांगायला हवे. तिच्यात आरोग्याशी संबंधित खुणाही असतात आणि त्यांच्यावरून कुणी हौशीने रोगाचे भाकीत केले, तर ते पुष्कळदा चुकीचे निघते. अशा मूळ डेटातील जे बदल वैद्यकीय प्रयोगशाळेत पडताळण्यासाठी आले, त्यांपैकी ४० टक्के मुळात नव्हतेच, असे अमेरिकेतील २०१८ च्या एका अभ्यासात दिसले होते.

कुठे चढवावी

अॅन्सेस्ट्री आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी या दोन मोठ्या कंपन्या स्वतःची फाइल उतरवून देतात, पण बाहेरची घेत नाहीत. बाहेरची फाइल घेणाऱ्यांत ह्यूस्टनची फॅमिलीट्रीडीएनए आहे; तिथे जुळण्यांची, म्हणजे आपल्याशी डीएनएचे तुकडे समान असलेल्या लोकांची, यादी विनामूल्य मिळते आणि गुणसूत्रांचा नकाशा वगैरे पाहायला पैसे पडतात. माझा भर मात्र जेडमॅच या संकेतस्थळावर आहे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांकडे चाचणी केलेले लोक तिथे एकत्र भेटतात. कर्टिस रॉजर्स आणि जॉन ओल्सन यांनी २०१० मध्ये ते सुरू केले. डिसेंबर २०१९ मध्ये ते व्हेरोजेन या कंपनीने घेतले आणि २०२३ च्या आरंभी व्हेरोजेनच कायजेनच्या मालकीची झाली. मालकीचा हा फेरफटका मुद्दाम सांगितला. आपण ज्याच्या हातात फाइल देतो तो उद्या दुसराच कुणी असू शकतो. ट्वेंटीथ्री-अँड-मीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो ग्राहकांना हाच प्रश्न पडला होता.

जेडमॅचवर ईमेल आणि पासवर्ड देऊन खाते उघडावे, ईमेलवर आलेली खातरजमा पूर्ण करावी आणि मुखपृष्ठावरून फाइल चढवण्याच्या पानावर जावे. तिथला अर्ज छोटा आहे. ज्याचा डीएनए आहे त्याचे नाव आणि लिंग विचारतात, आणि इतरांना दिसावे असे टोपणनाव देता येते. टोपणनाव अवश्य द्यावे, मात्र ते अगदीच निरर्थक नसावे; आम्ही आत्याच्या माहेरच्या आडनावाचे पहिले अक्षर आणि मूळ गावाचे नाव घातले, म्हणजे ओळखीच्या माणसाला खूण पटेल आणि परक्याला काही कळणार नाही. वाय आणि मायटोकाँड्रियाच्या गटांचे रकाने रिकामे सोडले तरी चालतात. त्यानंतर गोपनीयतेचा पर्याय निवडून फाइल जोडावी आणि पान आपणहून पुढे सरकेपर्यंत बंद करू नये. फाइल स्वीकारली गेली, की दोन अक्षरे आणि त्यापुढे अंक असा किट क्रमांक मिळतो; चढवलेल्या प्रत्येक फाइलला तिथे किट म्हणतात. तो लगेच कागदावर लिहून घ्यावा. सर्वांशी तुलना मात्र तत्काळ होत नाही, प्रक्रिया पूर्ण व्हायला एखादा दिवस द्यावा. घाई करून तीच फाइल पुन्हा चढवू नये, नाहीतर एकाच माणसाची दोन किटे होऊन पहिल्याच क्रमांकाची जुळणी स्वतःशीच दिसते.

गोपनीयतेच्या चार पर्यायांवर थोडे थांबायला हवे. प्रायव्हेट निवडले तर किट कुणाशीच जुळवले जात नाही. रिसर्च निवडले तर आपण इतरांशी तुलना करू शकतो, पण इतरांच्या यादीत दिसत नाही. उरलेले दोन पब्लिक आहेत: ऑप्ट-इनमध्ये गंभीर हिंसक गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांनी चढवलेल्या नमुन्यांशीही तुलना होते, ऑप्ट-आउटमध्ये ती होत नाही. याची पार्श्वभूमी अशी, की एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात पकडलेल्या ‘गोल्डन स्टेट किलर’चा, म्हणजे जोसेफ डीअँजेलोचा, माग याच संकेतस्थळावर सापडलेल्या त्याच्या दूरच्या नातेवाइकांवरून लागला होता. मे २०१९ पासून पोलिसांच्या तुलनेसाठी स्वतंत्र होकार द्यावा लागू लागला. तरीही त्याच वर्षी फ्लोरिडातील एका न्यायालयाने संपूर्ण साठा तपासण्याचे वॉरंट दिले आणि जुलै २०२० मधील एका सायबर हल्ल्यात सर्वांच्या परवानग्या काही तासांपुरत्या बदलल्या गेल्या. कुलूप आहे, पण ते तिजोरीचे नाही, एवढे समजून निर्णय घ्यावा. प्रथमच चढवणाऱ्याने पहिले काही दिवस रिसर्च ठेवावे, काय दिसते ते घरच्यांना दाखवावे आणि मग पब्लिक करायचे की नाही ते ठरवावे. आत्याने सगळे ऐकून ऑप्ट-आउट निवडले.

आकडा नात्याचे नाव सांगत नाही

जुळण्यांच्या यादीत प्रत्येक व्यक्तीसमोर सेंटीमॉर्गन या एककातील एकूण समान लांबी, सर्वांत लांब सलग तुकडा आणि समान पूर्वज किती पिढ्यांमागे असावा याचा अंदाज असतो. आई-वडील आणि अपत्य यांच्यात सुमारे ३४०० ते ३५०० सेंटीमॉर्गन समान असतात, सख्ख्या भावंडांत सरासरी २६०० च्या आसपास, आणि काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा तसेच सावत्र भावंडे या सर्वांत १७५० च्या आसपास. समान आजी-आजोबा असलेल्या भावंडांची सरासरी ८६६ धरतात, समान पणजी-पणजोबा असलेल्यांची २३० च्या जवळपास आणि समान खापरपणजोबा असलेल्यांची ७० च्या थोडी वर. हे आकडे अमेरिकेतील ब्लेन बेटिंगर यांनी हजारो लोकांकडून गोळा केलेल्या माहितीवर आधारलेले आहेत. सरासरीच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ चढउतार असतो; खापरपणजोबा समान असलेल्या दहापैकी एखाद्या जोडीत तर काहीच समान सापडत नाही.

इंग्रजीत चुलत, मामे, मावस आणि आते या चौघांना मिळून एकच शब्द आहे आणि संकेतस्थळही तोच दाखवते. हा भेद पुष्कळसा आपणच काढायचा असतो. एक्स गुणसूत्राची मदत इथे होते. माझ्यासारख्या पुरुषाला एक्स फक्त आईकडून मिळतो, त्यामुळे चुलतभावाशी किंवा आतेभावाशी वडिलांच्या बाजूने एक्स जुळणे शक्य नाही. मामेभावाशी मामाकडून जुळत नाही, कारण मामाचा एक्स त्याच्या मुलाकडे जात नाही; मामेबहिणीशी जुळू शकतो, कारण तिला मामाचा एक्स अखंड मिळालेला असतो. मावसभाऊ आणि मावसबहीण दोघांशीही जुळू शकतो. अर्थात दोन जावा मुळात सख्ख्या बहिणी असतील, तर त्यांची मुले चुलत आणि मावस दोन्ही ठरतात आणि वरचा नियम कोलमडतो. अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत.

यावरूनच मुख्य अडचण लक्षात येते. वरच्या सरासऱ्या अशा समाजातील आहेत, जिथे नवराबायको सहसा एकमेकांचे नातेवाईक नसतात. आपल्याकडे लग्ने शतकानुशतके पोटजातीतच होत आली. भारतातील गटांचे परस्पर मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि नंतर ते मोठ्या प्रमाणात थांबले, असे मूरजानी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे एकाच पोटजातीतील दोन अनोळखी माणसांतही अनेक वाटांनी आलेले लहानलहान तुकडे समान असतात, त्यांची बेरीज फुगते आणि संकेतस्थळ दूरच्या माणसाला जवळचा ठरवते. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल, तर त्या जोडप्याच्या अपत्याच्या जनुकसंचाचा सरासरी सोळावा हिस्सा दोन्ही बाजूंनी एकसारखा असतो. जेडमॅचवर आई-वडील नात्यातले आहेत का हे पाहण्याचे साधन आहे. आपल्या किटवर ते आधी चालवून पाहावे, म्हणजे पुढच्या याद्या कशा वाचायच्या ते कळते.

आमच्या यादीत इंदूरचे एक किट ९६ सेंटीमॉर्गनवर होते. आकड्यावरून खापरपणजोबा समान असावेत असे वाटले आणि मी आनंदाने वंशावळ काढून बसलो. दोघांची एकास-एक तुलना केली तेव्हा दिसले, की ते ९६ नऊ तुकड्यांत विखुरलेले होते आणि सर्वांत लांब तुकडा जेमतेम १४ चा होता. खऱ्या जवळच्या नात्यात तुकडे थोडे आणि निदान एखादा तरी ३०-४० चा असण्याची अपेक्षा असते. महिनाभराच्या पत्रव्यवहारानंतर नाते निघाले ते असे: त्यांच्या घराण्याशी आमचे दोन संबंध होते, दोन्ही खापरपणजोबांच्याही मागचे, एक आजोबांकडून आणि एक आजीकडून. तेव्हापासून मी एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकड्याकडे आधी पाहतो आणि तो २० च्या खाली असेल, तर पहिल्या फेरीत ते किट बाजूला ठेवतो.

वही आणि फाइल शेजारी ठेवून

इंदूरचा धागा ज्या गोष्टीने सापडला ती संकेतस्थळावर नव्हती. त्यांचे आडनाव आमच्या वंशावळीत कुठेच नव्हते, कारण आमच्याकडची मुलगी त्यांच्याकडे दिलेली होती आणि लग्नात तिचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले होते. पंचवटीतल्या वहीत पुरुषांची ओळ चार पिढ्या सलग मिळाली. त्यातली सर्वांत जुनी नोंद मोडीत होती, म्हणून गुरुजींच्या परवानगीने छायाचित्र घेऊन मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेतली. पण मुली कुठे दिल्या ते त्या ओळीत नव्हते. ते आत्याच्या तोंडात होते. “इंदूरला दिलेली एक होती, ती माहेरपणाला यायची तेव्हा मालवा भागातला गहू आणायची,” एवढे तिला तिच्या आजीने सांगितलेले आठवत होते.

म्हणून संकेतस्थळावर किटासोबत वंशवृक्ष जोडताना प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव अशी तिन्ही नोंदवावीत. वंशवृक्षाच्या फाइलचे जेडकॉम नावाचे एक सर्वमान्य स्वरूप आहे. कोणत्याही वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधून ते काढता येते आणि जेडमॅचवरही चढवता येते. नावे रोमन लिपीत द्यावीत, कारण शोध त्या लिपीत होतो, आणि एकाच आडनावाची जी दोन-तीन स्पेलिंगे घरात चालतात ती सगळी टिपावीत. हयात व्यक्तींची नावे झाकून ठेवावीत. आडनाव जुळले म्हणून मात्र हुरळून जाऊ नये: कुलकर्णी, देशमुख, पाटील ही पदांची नावे आहेत आणि ती गावोगावी परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या घराण्यांना मिळालेली आहेत. मूळ गाव आणि कुलदैवत ही जोडी आडनावापेक्षा अधिक विश्वासू.

जुळणी झालेल्या व्यक्तीला ईमेल लिहिताना तो इंग्रजीत, सहा-सात ओळींचा असावा: दोन्ही किट क्रमांक, सर्वांत लांब तुकडा, आपल्या बाजूची मूळ गावे आणि एकच प्रश्न. पहिल्याच पत्रात जात किंवा गोत्र विचारले, तर पुष्कळ लोक उत्तर देत नाहीत आणि त्यांना दोष देता येणार नाही. गाव विचारावे, बाकीचे त्यातून येते. मी पाठवलेल्या पत्रांपैकी थोड्यांनाच उत्तरे आली, एक तर आठ महिन्यांनी आले.

वांशिक अंशांची टक्केवारी पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जेडमॅचवर हडप्पावर्ल्ड नावाचे सोळा घटकांचे गणित आहे आणि दक्षिण आशियातील लोकांना ते इतर गणितांपेक्षा अधिक लागू पडते. त्यातील दक्षिण भारतीय, बलुच वगैरे नावे गणितासाठी पाडलेल्या गटांची आहेत. बलुच अंश निघाला म्हणून पणजोबा बलुचिस्तानातून आले असा अर्थ होत नाही. नातेवाईक शोधण्याच्या कामी या टक्केवारीचा उपयोग नाही.

एक काम आम्ही जवळजवळ विसरलो होतो. किट पुढे कुणी सांभाळायचे, हे ज्याचा डीएनए आहे त्याने हयातीतच ठरवून ठेवावे. किट काढून टाकायचे झाल्यास ते खात्यातून स्वतःला काढता येते, मात्र त्याआधी कुणी आपल्या जुळण्या उतरवून घेतल्या असतील, तर त्या परत येत नाहीत. आत्याने तिच्या जुन्या डायरीत, जिथे पंचवटीच्या गुरुजींचे नाव आणि वाड्याचा पत्ता लिहिलेला आहे त्याच पानावर, किट क्रमांक, खात्याचे ईमेल आणि त्याखाली एक ओळ लिहिली: माझ्या माघारी हे धाकटीला विचारून ठेवावे किंवा काढावे.